खापऱ्यांचा हिशोब

हातभर लांबीचे, लंबवर्तुळाकार, मातीचे तबक. मध्यभागी एक बेट आणि त्या बेटावर वेटोळे घातलेला साप. बेटाभोवती वाहते पाणी, पाण्यात मासे. काठावर नेच्याची पाने, वेलींची पाने, आणि त्या पानांच्या आडून डोकावणारे सरडे, बेडूक, गोड्या पाण्यातले झिंगे, शंख-शिंपले. सगळे मातीचे, सगळ्यावर काचेसारखी झिलई. पानाची शीर न् शीर मोजून घ्यावी, सरड्याच्या अंगावरचा खवला न् खवला मोजावा. पावसाळ्यात ओढ्याकाठी बसले असता एखाद्याने समोरचा तुकडाच उचलून भट्टीत घातला की काय, असे वाटावे.

सोळाव्या शतकातला फ्रेंच कुंभार बर्नार पालिसी (सुमारे १५१० ते १५९०) याने ही तऱ्हा सुरू केली. लूव्रमध्ये, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशी तबके आहेत. त्यांतली खुद्द त्याच्या हातची कुठली आणि मागाहून नक्कल करणाऱ्यांची कुठली, हे ठरवताना तज्ज्ञांचीही दमछाक होते, आणि बऱ्याच तबकांखाली 'पालिसीची समजली जाणारी' एवढीच सावध नोंद असते.

या तबकात जेवता मात्र येत नाही. वाढप्याने भात वाढायचा कुठे, सापावर की बेडकावर? शिवाय झिलई शिशाची. आपल्याकडे चिनीमातीची बरणी लोणच्यासाठी का वापरतात हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असते: आंबटाने तिला काही होत नाही. पालिसीच्या तबकात लिंबाची फोड ठेवली, तर आंबटात शिसे उतरण्याची भीती. म्हणजे भांड्याचा आकार घेतलेली, पण भांड्याचे काम न करणारी ही वस्तू. अशा वस्तूसाठी एका माणसाने आयुष्याची सोळा वर्षे घालवली आणि स्वतःच्या घराची जमीन उखडून जाळली. ही जमीन उखडण्याची गोष्टच आज जगाला माहीत आहे. तबक कसे घडले, हे फारसे कोणी विचारत नाही. मला या गोष्टीविषयी थोडी तक्रार आहे.

आधी गोष्ट. पालिसी मूळचा काचेवर चित्रे रंगवणारा, जोडीला जमिनीची मोजणी करणारा. पश्चिम फ्रान्समधल्या सँत या गावी त्याने बिऱ्हाड केले. १५४०च्या आसपास कोणीतरी त्याला पांढऱ्या झिलईची एक मातीची वाटी दाखवली. ती वाटी कुठली, इटलीतली की चीनची, यावर अभ्यासकांचा अजून वाद चालू आहे. पालिसीला ती इतकी भावली की मातीकामाचा गंध नसताना, त्याच्याच शब्दांचा आशय सांगायचा तर अंधारात चाचपडावे तसा, तो त्या झिलईच्या मागे लागला. खापऱ्या विकत घ्यायच्या, फोडायच्या, प्रत्येक तुकड्यावर वेगवेगळी भुकटी लावायची, कुठला तुकडा कुठल्या मिश्रणाचा याची टिपणे ठेवायची आणि भट्टीत घालायचे. पहिल्यांदा घरच्या भट्टीत. ते जमेना तेव्हा गावाबाहेरच्या कुंभारांच्या भट्टीत तीन-तीनशे तुकडे पाठवायचे. कुंभाराची भट्टी पुरेशी तापत नाही असे कळले, तेव्हा काचवाल्यांच्या भट्टीत. शेवटी स्वतःच्या पाठीवरून विटा वाहून स्वतःची भट्टी बांधली. सहा दिवस, सहा रात्री तिच्यासमोर बसला, झिलई वितळेना. लाकूड संपले तेव्हा बागेतले खांब घातले, मग घरातली मेजे, मग जमिनीच्या फळ्या. बायको आणि शेजारीपाजारी गावभर सांगत सुटले की याला वेड लागले. काहींनी तर, हा खोटी नाणी पाडतो आहे, अशी कंडी पिकवली.

हे सारे पालिसीने स्वतः लिहून ठेवले आहे. १५८० साली पॅरिसमध्ये छापलेल्या त्याच्या व्याख्यानांच्या पुस्तकात 'मातीची कला' असे एक प्रकरण आहे, त्यात. तीनशे वर्षांनी एकोणिसाव्या शतकाने ही हकिगत उचलली. सॅम्युएल स्माइल्स यांच्या, १८५९ साली प्रथम निघालेल्या 'सेल्फ-हेल्प'मधून ती इंग्रजी शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यात गेली, फ्रान्समध्ये ती शाळेच्या धड्यांत गेली, पॅरिसमध्ये आणि अन्यत्र त्याचे पुतळे उभे राहिले. तात्पर्य ठरलेले: चिकाटी धरा, यश येईल. आपल्याकडेही 'प्रयत्नांती परमेश्वर' या सदराखाली अशा गोष्टी खपतात. माझी तक्रार आहे ती या तात्पर्याशी. फळ्या जाळणे ही पालिसीच्या कामातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट होती. जळण संपले म्हणून त्या गेल्या, एवढेच. खरे काम त्यानंतर सुरू झाले, आणि त्याला आणखी बरीच वर्षे लागली.

ते काम काय होते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

पान मातीत उतरवायचे दोन मार्ग. एक, हाताने घडवायचे. जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात १७३९ साली योहान योआकिम केंडलरने पेल्यांना आणि फुलदाण्यांना बाहेरून चिकटवण्यासाठी चिनीमातीची बारीक बारीक पांढरी फुले घडवून घेतली. एकेका भांड्यावर ती इतकी दाट, की खालचे भांडे दिसू नये. दुसरा मार्ग साच्याचा. तो आपल्याला अधिक ओळखीचा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साच्यात शाडू दाबणारा कारागीर पाहिला की निम्मे काम समजते. फरक एवढाच की पेणचा साचा आधी घडवलेल्या मूर्तीवरून घेतात. पालिसीचा साचा खऱ्या पानावरून, खऱ्या सरड्यावरून घेतलेला. मेलेला प्राणी आणि ताजे पान हवे तसे मांडायचे, त्यावर प्लास्टर ओतायचे, साचा निघाला की त्यात माती दाबायची. त्याच काळात न्युरेंबर्गचा सोनार वेन्झेल याम्नित्सर असेच गवत आणि सरडे चांदीत ओतत होता. तेव्हा कल्पना एकट्या पालिसीची नव्हे. पण चांदी ओतली की काम बरेचसे संपते. मातीचे काम तिथून सुरू होते.

कारण माती आकसते. सुकताना आकसते, भाजताना आणखी आकसते. दोन्ही मिळून दहा टक्क्यांच्या आगेमागे, मातीच्या जातीप्रमाणे. साच्यातून काढलेले पान आणि खालचे तबक एकाच ओलाव्यावर असताना जोडले नाही, तर पान वेगळे आकसते आणि देठापाशी तडा जातो. जोड पातळ मातीच्या राबडीने द्यायचा. त्यात हवेचा बुडबुडा राहिला आणि ओल पुरती निघाली नसली, तर भट्टीत तुकडा उडतो आणि शेजारच्या चार वस्तू घेऊन जातो. पान फार पातळ ठेवले तर कडा वाकडी होते, जाड ठेवले तर पान न दिसता भाकरीचा तुकडा दिसतो. पानाची कुठली बाजू वर घ्यायची, हाही प्रश्नच. वरची बाजू आपण रोज बघतो, पण शिरा उठून दिसतात त्या पाठीमागच्या बाजूला.

मग झिलई. पालिसीची सुरुवात पांढऱ्यापासून झाली, आणि पांढरे यायचे कथलातून. कल्हईवाला पितळेच्या पातेल्यात फिरवतो तेच कथील. काचेसारख्या झिलईत ते मिसळले की ती अपारदर्शक पांढरी होते. गंमत अशी की ज्या पांढऱ्यासाठी हा माणूस घरदार विसरला, ते त्याच्या नावाशी पुढे जोडलेच गेले नाही. त्याचे नाव झाले ते शिशाच्या रंगीत, पारदर्शक झिलईवर: तांब्याचा हिरवा, कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळट तपकिरी, लोखंडाचा पिवळा-तांबूस. शिशाची झिलई तापली की पाण्यासारखी वाहते. शिरांवरून ओघळते आणि खाचेत साचते. उंचवट्यावर रंग फिका पडतो, खोलात गडद होतो. पानाला जी ओल दिसते ती अशी आलेली. ब्रशाने ती आणता येत नाही. साचा तयार असल्याशिवाय ही झिलई निरुपयोगी आणि ही झिलई नसेल तर साचा मुका. पालिसीला पांढरी वाटी हवी होती, हाती लागला ओढ्याचा काठ. 'ध्येयावर नजर ठेवा' म्हणणाऱ्यांनी याचे काय करायचे?

आता त्याची खरी अडचण. एका तबकावर पाच-सहा रंग. प्रत्येक रंग वेगळ्या धातूचा आणि प्रत्येकाला वितळायला लागणारी आच वेगळी. भट्टी मात्र एक. पालिसी लिहितो त्याचा भावार्थ असा की सरड्यांचा हिरवा जळून जाई तेव्हा सापांचा रंग वितळलेला नसे. आणि साप, झिंगे, कासवे, खेकडे यांचे रंग वितळून जात, तोवर पांढऱ्याला काही रूप आलेले नसे. पोळी, भात आणि आमटी एकाच झाकणाखाली, एकाच विस्तवावर, एकाच क्षणी तयार व्हायला हवी, अशातला हा प्रकार. उपाय दोनच: सगळ्या मिश्रणांची प्रमाणे अशी बदलत न्यायची की ती सारी एकाच आचेला पिकतील, आणि भट्टीत कुठे किती आच लागते हे ओळखून माल लावायचा. प्रमाण चुकले ते कळायचे भट्टी उघडल्यावर. दुरुस्ती पुढच्या भट्टीत. म्हणजे एक वाक्य खोडून पुन्हा लिहायला महिना-दोन महिने. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने हे वाचताना कागदाचे आभार मानावेत.

मधल्या काळात आणखी संकटे आली. एकदा भट्टीच्या गिलाव्यात गारगोटीचे खडे होते. ते आचेने फुटले आणि त्यांच्या कपच्या वितळलेल्या झिलईत जाऊन रुतल्या. तबकावरून हात फिरवला तर कापावा. पुढे एकदा राख उडून चिकटली. तेव्हापासून तो प्रत्येक वस्तू मातीच्या बंद डब्यात ठेवून भाजू लागला. आजही कुंभारकाम शिकताना अशा डब्यांची ओळख होतेच.

गारगोटीच्या त्या भट्टीपाशी मी, तीस-पस्तीस वर्षे बँकेत कर्जाच्या फायली चाळलेला माणूस, थांबतो. त्या एका भट्टीला एकशे वीस एक्यूंहून अधिक खर्च आला होता, असे पालिसी सांगतो. लाकूड उधार, साहित्य उधार, घरातला शिधासुद्धा काही उधारीवर. माल विकून पैसे देतो असे सावकारांना सांगितलेले. भट्टी उघडायच्या सकाळी ते सावकार दारात हजर. खड्यांनी भरलेला तो माल काही लोक पडत्या भावात घ्यायलाही तयार होते. पालिसीने काय करावे? सगळा माल स्वतःच्या हातांनी फोडून टाकला. असला माल बाजारात गेला तर आपले नाव जाईल, म्हणून.

तारण मालाची ऋणकोनेच केलेली ही मोडतोड! आमच्या काळी अशा माणसाच्या फाइलवर लाल शेरा पडला असता आणि वसुलीची नोटीस दुसऱ्या दिवशी गेली असती. आता तर गणित अधिक सोपे आहे. मार्च २००४पासून कर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवस थकले की खाते अनुत्पादक धरायचे. सोळा वर्षांत चौसष्ट तिमाह्या येतात. पालिसीचे खाते पहिल्याच वर्षी बुडीत गेले असते, आणि नियमाने पाहता त्यात बँकेचे काही चुकले नसते. ठेवीदाराचा पैसा कुणाच्या हिरव्या सरड्यावर लावायचा नसतो. हे मी उपरोधाने म्हणत नाही. बँकेला हे काम जमणार नाही आणि जमू नये, असेच माझे मत आहे. प्रश्न असा की मग ते कुणी करायचे?

सरकारी योजनांतून कारागिरांना पैसा मिळाला नाही, असे मुळीच नाही. १९७२ साली चार टक्के व्याजाची योजना आली. नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम आला, लोन मेळे आले. अगदी अलीकडे १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू झाली, तिच्यातल्या अठरा व्यवसायांत कुंभार आहे. अवजारांसाठी पंधरा हजार; पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, अठरा महिन्यांत फेडायचे; ते फेडले की दोन लाख, तीस महिन्यांत फेडायचे. योजना वाईट नाही. विजेवर फिरणाऱ्या चाकाने कुंभाराच्या दंडाला आराम मिळतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण नीट पाहिले तर या सगळ्या योजना एकच गृहीत धरतात: कुंभाराला काय करायचे ते आधीच येते, अडते ते फक्त भांडवलाशी. त्याला जे येत नाही ते शोधायचे असेल, आणि शोधताना वर्षभर नुसत्या खापऱ्याच निघणार असतील, तर त्यासाठी रकाना नाही.

हा रकाना मी प्रत्यक्ष शोधलेला आहे. १९८०च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना एक कुंभार आला. त्याच्या गावात मडक्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते. प्लॅस्टिकच्या घागरी आल्या होत्या. त्याने कुठेतरी झिलईची भांडी पाहिली होती आणि तसे आपल्या मातीवर जमते का ते त्याला पाहायचे होते. लहान भट्टी, थोडे साहित्य, सहा-आठ महिने. "साहेब, पहिल्या चार भट्ट्या वाया जातील, ते आत्ताच सांगतो," असे तो म्हणाला. इतके प्रामाणिक प्रकल्प-टिपण मी नंतर मोठमोठ्या उद्योगांकडूनही वाचले नाही. छापील अर्जात युनिटची किंमत, महिन्याचे उत्पादन, अपेक्षित नफा असे रकाने होते. वाया जाणाऱ्या चार भट्ट्या कुठे लिहायच्या? मी वेगळे टिपण जोडून वर पाठवले. ते 'उत्पादक स्वरूपाचे नाही' या शेऱ्यासह परत आले. शेवटी त्याच योजनेतून त्याला म्हैस मिळाली. म्हैस चांगली निघाली, कर्ज वेळेवर फिटले, फाइल बंद झाली. वार्षिक आढाव्यात ते प्रकरण यशस्वी म्हणून मोजले गेले.

तोही पालिसी झाला असता, असे मी म्हणणार नाही. बहुधा झाला नसता. पण त्या गावच्या मातीवर कुठली झिलई बसते आणि कुठली सोलून निघते, एवढे तरी कुणाला तरी कळले असते.

या ठिकाणी एक बाजू राहून जाते. पालिसीच्या बायकोची. आपल्या हकिगतीत तो तिचे नाव घेत नाही. ती येते ती कटकट करणारी, गावभर बोभाटा करणारी, घरात सांत्वन न देणारी म्हणून. सोळा वर्षे चूल तिने चालवली, लेकरे तिने वाढवली, आणि ज्या मेजावर ती जेवण मांडत होती ते मेज एका संध्याकाळी भट्टीत गेले. त्याने हाताखालच्या कुंभाराला मजुरीऐवजी अंगावरचे कपडे दिल्याचे मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. ते कपडे नंतर कोणी शिवले, ते लिहिलेले नाही. आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. तेरच्या गोरा कुंभाराची कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. भजनाच्या नादात माती तुडवताना पायाखाली पोर गेले. कीर्तनकार शेवटी पोर परत आणून देतात, कारण विठ्ठल आहे. सँत गावच्या त्या बाईला असा विठ्ठल मिळाला नाही. चिकाटीच्या गोष्टीतला खर्च नेहमी कुणाच्या तरी नावे पडतो, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा गोष्ट सांगणारी नसते. म्हणून तर मला स्माइल्ससाहेबांचे तात्पर्य खटकते. शोध घेणाऱ्याने स्वतःचे घर जाळावे हा आदर्श नव्हे. त्याला ते जाळावे लागले, ही व्यवस्थेची नामुष्की आहे.

पुढे पालिसीचे दिवस पालटले. फ्रान्सचा सेनापती आन द मोंमोरांसी याने त्याला एक अख्खी गुहा अशा मातीकामाने सजवायला सांगितली. पालिसी प्रॉटेस्टंट होता. १५६२-६३च्या धामधुमीत तो तुरुंगात पडला, तेव्हा याच आश्रयदात्याने वजन वापरून त्याला सोडवले आणि राजाचा अधिकृत कारागीर असा किताब मिळवून दिला. पुढे राजमाता कातरीन द मेदिचीसाठी त्याने पॅरिसच्या त्युइलरी बागेत काम केले. मुख्य म्हणजे आश्रय मिळाला तो हात बसल्यावर. चाचपडण्याच्या वर्षांत दारात होते ते फक्त सावकार. अखेरीस धर्मासाठीच तो पुन्हा पकडला गेला आणि बास्तीयच्या तुरुंगात वारला.

आणि इथे मला पालिसीवरच एक आक्षेप घ्यायचा आहे. 'मातीची कला' हे प्रकरण संवादाच्या रूपात आहे. एक पात्र 'विद्या', दुसरे 'अनुभव'. विद्या विचारते, ही झिलई कशी करायची ते मला सांग. अनुभव पदार्थांची यादी देतो: कथील, शिसे, लोखंड, पोलाद, अँटिमनी, तांबे, वाळू, राख आणि असेच आणखी काही. प्रमाण मात्र सांगत नाही. मी कष्टाने मिळवले, तूही मिळव, असा एकूण सूर. चुकांनी मला जेवढे शिकवले तेवढे यशाने शिकवले नाही, असेही तो म्हणतो, आणि त्या चुका स्वतःजवळच ठेवतो. लपवण्यामागचे त्याचे कारण निव्वळ कंजूषपणाचे नाही. लिमोझच्या झिलईच्या गुंड्या आधी चांगल्या भावाने जात. सगळ्यांना त्या करता येऊ लागल्या आणि डझनाने मातीमोल विकल्या जाऊ लागल्या, हे त्याने पाहिले होते. शेतीचे आणि औषधाचे ज्ञान लपवू नये, पण माझ्या कलेचे तसे नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. सोळा वर्षे पदरमोड करून मिळवलेली गोष्ट माणूस फुकट का वाटेल? पदरमोडीतून आलेल्या ज्ञानावर कुलूप पडणारच.

पण कुलपाची किंमत पुढच्यांनी मोजली. फ्रान्समधल्या तूर गावचा कुंभार शार्ल-झाँ आव्हिसो याने १८२५च्या सुमारास पालिसीचे एक तबक पाहिले आणि तो त्या झिलईच्या मागे लागला. १८४३पर्यंत तो चाचपडतच होता. तीच पाने, तेच सरडे, तीच विझत जाणारी भट्टी. जवळजवळ तितकीच वर्षे पुन्हा एकदा, कारण आधीची टिपणे कुणाकडे नव्हती. त्यानंतर मात्र ही तऱ्हा पसरली. पोर्तुगालमध्ये काल्दास दा राइन्या या गावी तिने मूळ धरले, आणि व्यंगचित्रकार राफाएल बोर्दालो पिन्येइरोने १८८४ साली तिथे कारखाना काढला. कोबीच्या पानाच्या आकाराचे वाडगे आजही तिथे होतात, घरोघर वापरले जातात. हा कारखाना २००८ मध्ये बंद पडता पडता वाचला. कोबीच्या वाडग्यात सूप वाढता येते. पालिसीच्या तबकात येत नव्हते. तरी त्या वाडग्याची वंशावळ त्या निरुपयोगी तबकापर्यंत जाते.

याच्या अगदी उलट एक उदाहरण आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले एक हस्तलिखित आहे, तुलूझ भागातल्या कुणा अनामिक कारागिराचे. सरडा कसा बसवायचा, नाजूक फूल साच्यात कसे धरायचे, कुठे फसते, पुन्हा कसे करून पाहायचे, हे सारे त्यात टिपून ठेवले आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी २०१४पासून ते हस्तलिखित समोर ठेवून त्यातले प्रयोग स्वतः करून पाहिले आणि २०२० साली ते साऱ्या जगाला खुले केले. त्या लेखकाचा पुतळा कुठेही नाही. चारशेहून अधिक वर्षांनी त्याचे ऐकून लोक साचे करत आहेत.

माझे म्हणणे इतकेच आहे. कर्ज कर्जाच्या जागी राहू द्यावे. त्याच्या जोडीला, अगदी थोड्या कारागिरांसाठी का होईना, परतफेड नसलेला असा एक निधी असावा की ज्यातून वाया जाणाऱ्या भट्ट्यांचे पैसे मिळतील. अट एकच: प्रत्येक खापरी राखायची, कुठल्या मिश्रणाची, भट्टीत कुठे ठेवली होती, काय झाले, हे तिच्यावर नोंदवायचे, आणि ते सगळे तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा जवळच्या कलाशाळेत कुणालाही पाहता येईल असे मांडायचे. लिहिता न येणाऱ्याचे तिथल्या विद्यार्थ्याने लिहावे. वसुली पैशांत नको, नोंदींत हवी. धूर्त लोक यातही नुसत्या खापऱ्या दाखवून पैसे उचलतील, असा आक्षेप येईल. येऊ द्या. म्हशी न घेता म्हशींचे पैसे उचललेले मी पाहिले आहेत. त्या मानाने खोटी खापरी तयार करायलाही निदान भट्टी पेटवावी लागते. मातीकाम करणारी शहरातली शिकलेली मुले आता घरच्या पैशांवर हे प्रयोग करतात, विजेच्या भट्टीत करतात, आणि उत्तम करतात. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या पोराला तो चैनीचा मार्ग मोकळा नाही. त्याच्याजवळ हात मात्र पिढ्यांचा आहे.

पालिसीने टिपणे दिली नाहीत, पण त्याच्या खापऱ्या अखेर सापडल्या. १८६५ साली त्युइलरीच्या आवारात त्याची भट्टी उघडी पडली. नंतर १९८०च्या दशकात लूव्रचे आवार मोठे करण्यासाठी खोदकाम झाले, तेव्हा जमिनीखालून त्याच्या कार्यशाळेचे तुकडे हजारोंनी वर आले: बिघडलेल्या झिलईचे, अर्धवट भाजलेले, फुटलेले आणि साच्यांचे. आता अभ्यासक प्रयोगशाळेत एकेका तुकड्यावरची झिलई तपासून, त्याने जे प्रमाण सांगायचे नाकारले होते ते शोधून काढत आहेत. साच्यांच्या तुकड्यांत शिंपले आहेत, कापडाची वीण आहे, आणि झाडापाल्याचे ठसेही आहेत, खऱ्या पानांवरून घेतलेले.